बॅडफिंगरची ‘स्ट्रेट अप’: जुनी तबकडी पारखून कशी घ्यावी

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये निघालेल्या सुरेल रॉकच्या ज्या तबकड्या त्यांच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी घरांत पोहोचल्या, त्यांत बॅडफिंगर या चौकडीच्या ‘स्ट्रेट अप’चे नाव मी सर्वांत आधी घेईन. बीटल्सच्या ॲपल या तबकडी-कंपनीने ही तबकडी अमेरिकेत डिसेंबर १९७१ मध्ये आणि ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७२ मध्ये बाजारात आणली. अमेरिकेत ती बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत ३१ व्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिच्यातले ‘डे आफ्टर डे’ हे गाणे चौथ्या क्रमांकावर पोहोचले; ब्रिटनमध्ये तेच गाणे पहिल्या दहांत आले, पण तबकडीला मात्र तिथल्या यादीत जागाच मिळाली नाही. जुनी प्रत शोधणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो: अमेरिकी प्रती पुष्कळ आहेत आणि त्या बेताच्या किमतीत मिळतात, तर ब्रिटिश प्रती थोड्या आहेत आणि महाग आहेत.

दोन्हींपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न किमतीआधी कानाने सोडवावा असे माझे मत आहे. त्यासाठी ही तबकडी कशी घडली हे थोडक्यात ठाऊक असणे आवश्यक आहे. वेल्समधल्या स्वान्सी गावातून ‘द आयव्हीज’ या नावाने पुढे आलेल्या या मंडळींना ॲपलने १९६८ मध्ये करारबद्ध केले आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांचे नाव बॅडफिंगर झाले. ‘स्ट्रेट अप’च्या वेळी संचात पीट हॅम, टॉम इव्हान्स, जोई मॉलंड आणि माइक गिबिन्स असे चौघे होते. १९७१ च्या सुरुवातीला जेफ एमरिक यांच्या निर्मितीखाली ही गाणी ध्वनिमुद्रित झाली, पण ॲपलने ते काम नाकारले. मग बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांनी सूत्रे हाती घेतली आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत काही गाणी पूर्ण केली. परंतु त्याच उन्हाळ्यात रविशंकर यांच्या विनंतीवरून त्यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठीच्या मैफलीची जबाबदारी पत्करली आणि तबकडी अर्धवट राहिली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या त्या मैफलीत बॅडफिंगरही मागे साथीला उभे होते आणि एका गाण्यात हॅरिसन यांच्यासोबत पीट हॅम यांनी अकूस्टिक गिटार वाजवली. अखेर टॉड रंडग्रेन या तेवीस वर्षांच्या अमेरिकी निर्मात्याने उरलेली गाणी उभी केली आणि हॅरिसन यांच्या गाण्यांचे मिश्रणही (मिक्सिंग) त्यानेच पुरे केले.

म्हणजे बारा गाण्यांच्या या तबकडीत दोन निर्मात्यांचे हात आहेत. ‘आय’ड डाय बेब’, ‘नेम ऑफ द गेम’, ‘सूटकेस’ आणि ‘डे आफ्टर डे’ ही चार हॅरिसन यांची, बाकीची आठ रंडग्रेन यांची. चांगल्या प्रतीवर हा फरक सहज ऐकू येतो आणि झिजलेल्या प्रतीवर सगळेच एका साच्यातले वाटू लागते. प्रत पारखण्याची माझी कसोटी हीच आहे. लेबल किती चकचकीत आहे, याला मी दुय्यम मानतो.

प्रत ओळखणे

ब्रिटिश प्रतीचा क्रमांक सॅपकॉर १९ असा आहे आणि अमेरिकी प्रतीचा एसडब्ल्यू ३३८७. दोन्हीकडे पहिल्या बाजूच्या लेबलवर अख्खे हिरवे सफरचंद आणि दुसऱ्या बाजूवर कापलेल्या सफरचंदाचा पांढरा गर दिसतो. लेबलवरून एवढेच कळते. खरी माहिती गाणी संपल्यावर लेबलच्या कडेपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा उरतो, त्यात कोरलेली किंवा ठसवलेली असते. विक्रेत्याकडे या पट्ट्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे अवश्य मागावीत. ती देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून महागडी प्रत घेऊ नये.

ब्रिटिश प्रत ईएमआयच्या हेज येथील कारखान्यात दाबली गेली. लेबल आपल्याकडे सरळ वाचता येईल असे धरले, तर घड्याळाच्या सहाच्या जागी मुख्य क्रमांक (मॅट्रिक्स) दिसतो: तबकडीचा क्रमांक, त्यापुढे बाजूचे अक्षर, आणि त्यानंतर एक आकडा. हा आकडा मूळ लाखेच्या तबकडीवर आवाज कितव्या वेळी कापला गेला ते सांगतो. १ असल्यास ती पहिली कापणी. त्या लाखेच्या तबकडीवरून धातूची प्रतिमा, त्या प्रतिमेवरून ‘मदर’ आणि मदरवरून प्रत्यक्ष दाबकामाचा ‘स्टँपर’ अशी साखळी असते. नऊच्या जागी मदरचा आकडा असतो आणि तीनच्या जागी एक-दोन रोमन अक्षरे. ही अक्षरे म्हणजे स्टँपरचा क्रमांक, पण सांकेतिक. ‘ग्रामोफोन’ आणि ‘लिमिटेड’ या ईएमआयच्या ग्रामोफोन कंपनीच्या नावातल्या शब्दांवरून दहा अक्षरे निवडून त्यांना अंक दिलेले आहेत: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तेव्हा तीनच्या जागी नुसते ‘एम’ दिसले तर तो चौथा स्टँपर आणि ‘जीआर’ दिसले तर बारावा. (आपल्या घरोघरी एचएमव्हीच्या ज्या नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्या होत्या, त्या याच ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यातून येत.)

छाप उमटवता उमटवता स्टँपर झिजतो, म्हणून लहान क्रमांकाच्या प्रतीला संग्राहक जास्त किंमत देतात. ही किंमत डोळे झाकून देऊ नये. दुसऱ्या स्टँपरची, पण पन्नास वर्षे बोथट सुईखाली वाजलेली प्रत ही बाराव्या स्टँपरच्या जपून ठेवलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी वाईट ऐकू येईल. ज्याला संग्रह दाखवायचा आहे त्याने आकडे पाहावेत. ज्याला ऐकायचे आहे त्याने आकडे फक्त प्रत अस्सल आहे की नाही हे ठरवण्यापुरते वाचावेत.

अमेरिकी प्रतीत त्याच पट्ट्यात, तिथे ॲपलच्या तबकड्या काढणाऱ्या कॅपिटल कंपनीच्या कारखान्यांच्या खुणा सापडतात. त्रिकोणात ‘आयएएम’ अशी अक्षरे असल्यास ती तबकडी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन कारखान्याची. ती अक्षरे तिथल्या यंत्र-कामगार संघटनेची आहेत. लहान तारकेसारखी खूण लॉस एंजेलिसच्या कारखान्याची असते. जॅक्सनव्हिल आणि विंचेस्टर इथल्या कारखान्यांच्याही स्वतंत्र खुणा आहेत. अमुक कारखाना नेहमीच चांगला, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. एकाच कारखान्याच्या दोन प्रतींत जो फरक ऐकू येतो तो पाहता मला ते पटत नाही.

अमेरिकी प्रत घेताना आवरणाच्या कोपऱ्याकडेही लक्ष द्यावे. कोपरा कापलेला, कडेला करवतीची खाच मारलेली किंवा छिद्र पाडलेले असेल तर तो मागे पडलेला माल कंपनीने स्वस्तात काढून टाकल्याची खूण आहे. अशा आवरणाने संग्राहकाची किंमत उतरते, पण आतली तबकडी पुष्कळदा फारशी न वाजलेली निघते. ऐकणाऱ्यासाठी हा चांगला सौदा आहे आणि तो सोडू नये.

विक्रेत्याला काय विचारावे

दर्जा सांगण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. अमेरिकी पद्धतीत ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी), त्याखाली ‘व्हीजी प्लस’ आणि मग ‘व्हीजी’ अशी उतरंड आहे, तर ब्रिटिश विक्रेते ‘मिंट’नंतर ‘एक्सलंट’ आणि मग ‘व्हीजी’ असे लिहितात. ब्रिटिश ‘एक्सलंट’ हे साधारणपणे अमेरिकी ‘व्हीजी प्लस’च्या जवळपास जाते. ‘व्हीजी’ या अक्षरांचा अर्थ ‘फार चांगली’ असा असला, तरी व्यवहारात त्या प्रतीवर खरखर हमखास ऐकू येते हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

तीन प्रश्न विचारावेत. तबकडी वाजवून दर्जा दिला आहे की नुसती पाहून? नख फिरवल्यावर जाणवेल असा ओरखडा आहे का? आणि बाजूच्या शेवटच्या गाण्यांत आवाज फाटतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नुसती पाहून’ असेच येते, आणि ते प्रामाणिक असल्यास त्यात वावगे काही नाही. दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण वरवरच्या केसासारख्या रेषा दिव्याखाली भयंकर दिसतात पण ऐकू येत नाहीत, आणि नखाला लागणारा छोटासा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्याला टकटक करतो. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. टकटक बरोबर तेवढ्या अंतराने येत असेल तर तो ओरखडा समजावा, आणि वेडीवाकडी येत असेल तर धूळ किंवा स्थिरविद्युत समजावी. धुळीचा उपाय होतो, ओरखड्याचा होत नाही.

तिसरा प्रश्न या तबकडीच्या बाबतीत विशेष मोलाचा आहे. फेऱ्यांचा वेग कायम असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो: बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो आणि लेबलजवळ जेमतेम २१ सेंटीमीटरच्या आसपास उरतो. तेवढ्याच आवाजाला आतल्या बाजूस निम्म्याहून कमी लांबी मिळते, नागमोड आखूड आणि तीव्र होते, आणि जुन्या काळच्या जड, बोथट सुईने पहिली नासधूस तिथेच केलेली असते. ‘स्ट्रेट अप’मध्ये पहिल्या बाजूच्या शेवटी ‘नेम ऑफ द गेम’ आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘इट्स ओव्हर’. यांतले पहिले तर तबकडीतल्या सर्वांत भरगच्च गाण्यांपैकी एक आहे. म्हणून दुकानात ऐकण्याची सोय असेल तर सुई सुरुवातीला न ठेवता थेट ‘नेम ऑफ द गेम’वर ठेवावी आणि आवाज चढत जातो तिथे हॅम यांच्या गळ्यातले ‘स’कार चिरकतात का ते ऐकावे. ते स्वच्छ आले तर बाकीची बाजू बहुधा निर्वेध असते. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी, जिथे ऐकण्याची सोय असेलच असे नाही, तिथे तबकडी एका दिव्याखाली तिरकी धरून आतल्या भागाची चमक बाहेरच्या भागाशी ताडून पाहावी. आतला भाग करडा, मंद दिसत असेल तर ती झीज आहे आणि कितीही धुतले तरी ती जाणार नाही.

भोक मध्यभागी नसणे हा आणखी एक दोष, आणि तो छायाचित्रात दिसत नाही. तबकडी फिरत असताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे संथपणे झुलत असेल तर भोक सरकलेले आहे. पियानोचे लांबवलेले सूर अशा प्रतीवर हेलकावे खातात, आणि ‘डे आफ्टर डे’मधला लिऑन रसेल यांचा पियानो त्यामुळे पार बिघडतो. अशी प्रत कितीही नवी दिसली तरी परत करावी.

धुणे

जुनी तबकडी घरी आल्यावर न धुता वाजवू नये. खाचेत बसलेली धूळ सुईच्या टोकाखाली दळली जाते आणि खाचेच्या भिंतीही घासते. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन-चार थेंब घालावेत. बुरशी किंवा तेलकट बोटांचे डाग असतील तर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालता येते, मात्र ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीवर अल्कोहोल कधीही वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. लेबल झाकून, मऊ दाट केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेनेच गोल फिरवत धुवावे, आडवे घासू नये. दुसऱ्यांदा नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून काढावे. ही दुसरी खेप टाळली की विरघळलेली घाण खाचेतच वाळते आणि धुतल्यावर तबकडी आधीपेक्षा जास्त खरखरते अशी तक्रार ऐकू येते. उभी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. नळाचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार मागे राहतात.

यंत्राची जुळणी

सुई ज्यात बसते त्या पिकअप कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला सुईवरचा भार मोजून लावावा. सर्वसाधारण मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात तो दोन ग्रॅमच्या आसपास असतो. भार कमी ठेवला म्हणजे तबकडी कमी झिजते हा समज चुकीचा आहे, कारण हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींना जास्त इजा करते. कोन जुळवण्याचा छापील तक्ता वापरून कार्ट्रिज नीट बसवावे. शंक्वाकार टोकाच्या सुईपेक्षा लंबवर्तुळाकार टोकाची सुई आतल्या खाचा अधिक अचूक वाचते, आणि वर सांगितलेल्या दोन शेवटच्या गाण्यांसाठी तेवढा खर्च करावा असे मी म्हणेन. कार्ट्रिजमधून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो आणि तबकडी कापताना त्यातले खालचे सूर मुद्दाम दाबलेले व वरचे चढवलेले असतात. म्हणून तो अँप्लिफायरच्या ‘फोनो’ जागीच जोडावा, अन्यथा आवाज पातळ आणि किरटा येतो.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी भारतात येताना जुना टर्नटेबल आणला तर फक्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, कारण काही जुन्या यंत्रांची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते. साठ आवर्तनांसाठी बनवलेले असे यंत्र आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरेच घेते आणि हॅम यांचा आवाज ओळखू येणार नाही इतका खाली जातो. पट्टा फिरवणारी मोटरची चाकी पन्नास आवर्तनांची मिळते का ते आधी पाहावे, किंवा डायरेक्ट करंटच्या मोटरचे यंत्र घ्यावे.

ऐकणे

पहिल्यांदा ऐकताना तबकडीच्या क्रमाने ऐकू नये, अशी माझी सूचना आहे. दुसऱ्या बाजूवर ‘स्वीट ट्यूज्डे मॉर्निंग’, ‘डे आफ्टर डे’ आणि ‘समटाइम्स’ ही तीन गाणी ओळीने येतात, तिथे सुई ठेवावी. पहिले मॉलंड यांचे, अकूस्टिक गिटारवरचे शांत गाणे आहे. पृष्ठभागाची खरखर किती आहे ते इथे उघडे पडते. त्याच्या पाठोपाठ हॅरिसन यांचे ‘डे आफ्टर डे’ सुरू होते, ज्यात हॅरिसन आणि हॅम या दोघांनी स्लाइड गिटार वाजवली आहे. दोन गिटारी एकमेकींना बिलगून चालतात, आणि चांगल्या प्रतीवर त्या वेगळ्या ओळखता येतात. झिजलेल्या प्रतीवर त्यांचा एकच गोडसर पट्टा होतो. लगेच ‘समटाइम्स’ येते आणि आवाजाची ठेवणच बदलते: रंडग्रेन यांना गिटारी पुढे, ढोल कोरडे आणि गळे थेट ठेवायला आवडत. या सांध्यावर दोन निर्मात्यांतला फरक जितका स्पष्ट ऐकू येईल तितकी प्रत चांगली, असे खुशाल समजावे.

मग पहिली बाजू लावावी. ‘टेक इट ऑल’ हे सुरुवातीचे गाणे हॅम यांनी न्यूयॉर्कच्या त्या मैफलीनंतरच्या भावनांतून लिहिले. त्यानंतरचे ‘बेबी ब्लू’ १९७२ मध्ये अमेरिकेत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले, पण ब्रिटनमध्ये त्याची सुटी तबकडी त्या वेळी निघालीच नाही. २०१३ मध्ये ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेच्या शेवटच्या दृश्यात ते वाजले आणि चार दशकांनंतर लोक या चौघांचे नाव शोधू लागले. नशिबाचा उलटा फेरा त्याआधीही या मंडळींनी अनुभवला होता. त्यांच्या मागच्या तबकडीतले हॅम आणि इव्हान्स यांचे ‘विदाउट यू’ हॅरी निल्सन यांनी गायले आणि ‘स्ट्रेट अप’ ब्रिटनमध्ये दुकानांत पडून असताना, १९७२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. पुढे पैशांच्या गैरव्यवहाराचे बळी ठरलेल्या हॅम यांनी एप्रिल १९७५ मध्ये आणि इव्हान्स यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आपले जीवन संपवले. ॲपलची मूळ प्रत बाजारातून गेल्यावर ही तबकडी १९९३ मध्ये सीडी निघेपर्यंत सहज मिळत नव्हती, आणि जुन्या प्रतींचे भाव चढण्याचे ते एक कारण आहे. त्या सीडीवर एमरिक यांनी केलेली आणि ॲपलने नाकारलेली काही गाणीही आहेत. तबकडी ऐकून झाल्यावर ती मुद्दाम मिळवून ऐकावीत, म्हणजे हॅरिसन आणि रंडग्रेन यांनी नेमके काय बदलले ते कळेल.

ठेवणे

धुतलेली तबकडी जुन्या कागदी पाकिटात परत घालू नये. कागदाचा भुसा पुन्हा खाचेत जातो. पॉलिथिनचे अस्तर असलेले नवे पाकीट वापरावे आणि मूळ पाकीट रिकामेच आवरणात मागे ठेवावे, कारण त्याशिवाय प्रतीची किंमत घटते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, तिरक्या किंवा एकावर एक नव्हेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आवरणाच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात, आणि तबकडी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात हवाबंद करू नये, नाहीतर ओल आतच कोंडते. मॅट्रिक्सचा क्रमांक, धुतल्याची तारीख आणि कोणत्या गाण्यात कुठे टकटक ऐकू येते याची नोंद एका चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती आवरणात ठेवावी. दुसरी प्रत हाती आली आणि दोन्हींतली कोणती ठेवावी हा प्रश्न पडला, की ही चिठ्ठी उपयोगी पडते.